सहाव्या वर्षाची दाढ किडण्याआधी: सीलंट कधी, कसे आणि कोणत्या दाढेला

मूल सहा वर्षांचे झाले की समोरचे दुधाचे दात हलायला लागतात आणि घरातल्या सगळ्यांचे लक्ष तिकडे लागते. त्याच सुमारास तोंडात पार मागे, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागून, एक नवी दाढ निमूटपणे वर येते. तिच्या जागी आधी कुठला दात नसतो, म्हणून काही हलत नाही, काही पडत नाही, आणि ती आल्याचे बहुतेक घरांत कळतच नाही. कळले तरी 'दुधाचीच आहे, पडेल पुढे' असे धरून चालतात. ही दाढ पडणारी नाही. ती जन्मभराची आहे, आणि कायमच्या दातांमध्ये सगळ्यात आधी कीड लागते ती बहुतेक वेळा हिलाच. ती किडू नये म्हणून तिच्या खाचा आधीच बुजवून टाकणारा थर म्हणजे सीलंट.

तिला ओळखायला मोजदाद पुरते. मुलाला 'आ' करायला सांगा, समोरच्या दोन दातांमधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत मागे जा. पडलेल्या दाताची मोकळी जागाही मोजायची. दुधाचे दात प्रत्येक बाजूला पाचच असतात. त्यामुळे सहावा दिसला की तो कायमचा. अशा चार दाढा येतात, वर दोन, खाली दोन, साधारण सहा ते सात वर्षांच्या दरम्यान. काही मुलांत साडेपाचलाही येतात. डेंटिस्टच्या कागदावर त्यांचे आकडे 16, 26, 36 आणि 46 असे असतात. अमेरिकेत राहणाऱ्यांना तिथल्या पद्धतीने याच दाढा 3, 14, 19 आणि 30 अशा लिहिलेल्या दिसतील. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे पावतीवर किंवा नोंदीत कुठल्या दाढेला काय केले ते त्यावरून कळते.

ब्रश केला तरी कीड का लागते

दाढेचा चावायचा भाग आरशासारखा सपाट नसतो. त्यावर उंचवटे असतात आणि उंचवट्यांच्या मध्ये खाचा. काही दाढांच्या खाचा उथळ, पसरट असतात, त्यांना फारसा धोका नसतो. पण बऱ्याच दाढांत खाच वरून केसाएवढी बारीक आणि आत खोल असते. काही तर सुरईसारख्या, तोंड अरुंद आणि तळ रुंद. टूथब्रशचा एक तंतू अशा खाचेपेक्षा जाड असतो, तो तळापर्यंत जाऊच शकत नाही. बिस्किटाचा लगदा, चिवड्यातला शेवेचा चुरा, वेफर्स मात्र चावताना दाबले जाऊन आत बसतात. तिथले जंतू त्यातल्या साखरेपासून आणि पिठापासून आम्ल तयार करतात आणि इनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कडक कवच, विरघळायला लागते. खाचेच्या तळाशी इनॅमलचा थर पातळ असतो, म्हणून कीड लवकर आतल्या मऊ भागात पोहोचते आणि तिथे आडवी पसरते. वरून टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका आणि आतून दाढ पोकळ, हे चित्र त्यामुळेच दिसते.

मुलांच्या कायमच्या दाढांना लागणाऱ्या किडीपैकी दर दहातल्या सुमारे नऊ या खाचांमध्ये सुरू होतात. 'रोज दोनदा ब्रश करतो तरी दाढ किडली' असे म्हणणारे आईवडील खोटे बोलत नाहीत. ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट दाताच्या गुळगुळीत भागांना चांगले सांभाळतात. खाचेचा तळ त्यांच्या आवाक्याबाहेर आहे.

त्यात नुकती आलेली दाढ कच्ची असते. तोंडात आल्यावर लाळेतले कॅल्शियम, फॉस्फेट शोषून इनॅमल पक्के व्हायला दोनेक वर्षे जातात. म्हणजे जी दाढ सगळ्यात मागे आहे, जिथे ब्रश नीट पोहोचत नाही, तीच या काळात सगळ्यात हळवी असते.

सीलंट म्हणजे काय

या खाचांत ओतून घट्ट केलेला राळेचा (झाडाची राळ नव्हे, रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा द्रव) पातळ थर म्हणजे सीलंट. कुठे त्याला 'पिट अँड फिशर सीलंट' म्हणतात, इंग्लंडमध्ये 'फिशर सीलंट'. खाच बुजली की अन्न अडकत नाही आणि वरचा भाग ब्रशला साफ करता येतो. दाढ कोरावी लागत नाही, इंजेक्शन नाही, दुखत नाही. दाढ भरणे वेगळे: त्यात किडलेला भाग काढून सिमेंट भरतात. सीलंट कीड लागण्याआधी लावायचे असते.

ही राळ दाताला गोंदासारखी चिकटत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये मायकेल बुऑनोकोर यांनी 1955 साली दाखवले की इनॅमलवर थोडा वेळ फॉस्फोरिक आम्ल ठेवून धुतले तर राळ त्यावर कितीतरी घट्ट धरते. आम्लाने इनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी अगणित बारीक छिद्रे पडतात. पत्र्याला रंग नीट बसावा म्हणून कारखान्यात आधी आम्ल लावत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. पातळ राळ त्या छिद्रांत शिरते, प्रकाशाने आतल्या आत कडक होते आणि हजारो बारीक मुळ्यांनी धरल्यासारखी रुतून बसते. ही गोष्ट समजून घेतली की पुढचे सगळे समजते. छिद्रांत राळेच्या आधी लाळ शिरली, तर राळेला धरायला जागाच उरत नाही.

परिणाम किती? लावल्यानंतर पहिली दोन वर्षे सीलंट दाढांच्या किडीपैकी सुमारे 80 टक्के टाळते, आणि चार वर्षांपर्यंतही निम्म्याच्या आसपास. मधे तपासून जिथे निघाले तिथे पुन्हा लावत गेले तर संरक्षण टिकून राहते.

दोन प्रकार, आणि निवड कशावर करायची

पहिला प्रकार राळेचा, म्हणजे रेझिन सीलंट. हे जास्त टिकते, पण लावताना दाढ पूर्ण कोरडी लागते. पांढरे, पारदर्शक किंवा हलक्या रंगाचे मिळते. आमचे मत विचाराल तर पांढरे घ्या. सहा महिन्यांनी ते जागेवर आहे की नाही हे डेंटिस्टलाच काय, तुम्हालाही मोबाइलच्या टॉर्चमध्ये दिसते. पारदर्शक थर गेला तरी कळत नाही.

दुसरा ग्लास आयोनोमर सिमेंटचा. हा ओलसरपणा थोडा सहन करतो, दातातल्या कॅल्शियमला रासायनिक रीतीने चिकटतो आणि हळूहळू फ्लोराइड सोडतो. तो लवकर झिजतो, त्याचे तुकडे लवकर निघतात. पण दाढ अजून अर्धी हिरडीखाली असेल, किंवा मूल दोन मिनिटेही तोंड उघडे ठेवत नसेल, तर तात्पुरता हाच योग्य. दाढ पूर्ण वर आली, मूल थोडे मोठे झाले की रेझिनचे सीलंट लावता येते. कोरडेपणा राखता येत नसताना हट्टाने रेझिन लावण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

कोणत्या दाढेला लावावे, कोणत्या नाही

खोल, अरुंद खाचा असलेल्या आणि कीड न लागलेल्या कायमच्या दाढा: सीलंट मुख्यतः यांच्यासाठी आहे. दुधाच्या दातांत आधीच कीड असेल, भावंडांच्या दाढा भरलेल्या असतील, दिवसभर काहीतरी गोड तोंडात असेल, किंवा दातांना तारा लावायच्या असतील, तर थांबू नका. खाचा खोल असतील तर दुधाच्या मागच्या दाढांनाही लावता येते, आणि मोठ्यांच्या न किडलेल्या खोल खाचांनाही.

खाचेत तपकिरी किंवा काळी रेघ दिसली म्हणजे कीडच, असे नाही. तो नुसता डागही असू शकतो. आणि खाचेत किडीची सुरुवात असली, पण खड्डा पडलेला नसला, तर आजच्या मार्गदर्शनानुसार त्यावरही सीलंट लावता येते. वरून झाकल्यावर आतल्या जंतूंचे अन्न तुटते आणि कीड पुढे सरकत नाही. मात्र खड्डा पडला असेल, किंवा इनॅमलखालून करडी सावली दिसत असेल, तर सीलंटची वेळ गेली. तिथे दाढ भरावीच लागते.

तपासताना घरी टाचणी, टूथपिक किंवा पिन खाचेत खुपसू नका. किडीने मऊ झालेले पण अजून न फुटलेले इनॅमल टोचल्याने फुटते आणि जिथे खड्डा नव्हता तिथे पडतो. डेंटिस्टनेही टोकदार प्रोब, म्हणजे तपासायची सळई, जोर लावून खाचेत दाबू नये. दाढ साफ करून, हवेने वाळवून, चांगल्या उजेडात डोळ्यांनी पाहणे हीच खरी तपासणी. दोन दाढांच्या मध्ये, जिथे त्या एकमेकींना टेकतात, तिथे सीलंट पोहोचत नाही. तिथे संशय असेल तर आधी बाइटविंग एक्स-रे (दातांच्या मधल्या जागा दाखवणारा) काढतात.

दोन प्रसंगांत डेंटिस्टला आधीच सांगा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर पांढरट चट्टे किंवा तपकिरी डाग असतात. अशा इनॅमलवर आम्लाचा परिणाम सावकाश होतो, नेहमीची वेळ पुरत नाही, आणि तेवढ्यावर भागवले तर सीलंट महिन्यात निघू शकते. दुसरा प्रसंग उलटा. काही मुलांची ही दाढ येतानाच पिवळट-तपकिरी, खडूसारखी ठिसूळ असते आणि तिला गार पाणी, वारा, ब्रशही झोंबतो. ही कीड नाही, इनॅमल तयार होतानाच कच्चे राहिलेले असते. त्यावर रेझिन नीट धरत नाही. बऱ्याचदा आधी ग्लास आयोनोमर लावतात, आणि अशा दाढेवर जास्त जवळून नजर ठेवावी लागते.

दाढ वर येईपर्यंत

घाई इथे अंगाशी येते. दाढ दिसायला लागल्यापासून समोरच्या दाढेला टेकेपर्यंत एक-दीड वर्षही जाते. तोवर मागच्या अर्ध्या भागावर हिरडीची झडप असते, तिच्याखाली लाळ साचलेली असते. तिथे रेझिन लावले तर पुढचा भाग टिकतो आणि मागचा निघून जातो. चावायचा पूर्ण पृष्ठभाग हिरडीबाहेर आला की लावायचे. पुढे ढकलणेही नको, कारण याच काळात कीड धरते. दर तीन महिन्यांनी दाखवा.

मधल्या काळात ब्रशची पद्धत बदला. अर्धी वर आलेली दाढ शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते. आपण नेहमीसारखा पुढे-मागे ब्रश फिरवला की तो शेजारच्या दाढेवर टेकतो आणि हिच्यावरून अधांतरी जातो. मुलाचे तोंड थोडे मिटवून गाल सैल करा, ब्रश ओठाच्या कोपऱ्यातून आडवा आत घाला, आणि तंतू नेमके त्या दाढेवर टेकवून गालाकडून जिभेकडे आठ-दहा वेळा फिरवा. हे काम मुलावर सोडू नका. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच करून द्यावा. पेस्ट 1000 पीपीएम फ्लोराइडची, सहा वर्षांपर्यंत मटाराच्या दाण्याएवढी, तीन वर्षांखालील भावंडाला तांदळाच्या दाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायला सांगा, पण चूळ भरभरून धुवायला लावू नका. पेस्टमधले फ्लोराइड थोडे दातावर राहू द्यायचे असते.

धोका जास्त असेल तर डेंटिस्टकडून फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर द्यायचा फ्लोराइडचा लेप, लावून घ्या, तीन ते सहा महिन्यांनी एकदा. सीलंट आणि वार्निश एकाच भेटीत करायचे असेल तर आधी सीलंट, मग वार्निश. उलट केले तर वार्निशचा चिकट थर राळेला दातापर्यंत पोहोचू देत नाही.

जाण्याआधीची तयारी

एका दाढेला पाच ते दहा मिनिटे लागतात. त्यातली निर्णायक दोन-तीन. त्या दोन-तीन मिनिटांत मुलाने तोंड मिटू नये, जीभ दाढेला लावू नये. एवढ्यासाठीच तयारी.

घरी आठवडाभर खेळ म्हणून सराव घ्या: तोंड मोठे उघडायचे, नाकाने श्वास घ्यायचा, जीभ दुसऱ्या बाजूला ठेवायची, आणि साठ आकडे मोजायचे. नाक चोंदले असेल, सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे घ्या. गालात कापसाचे रोल ठेवल्यावर मुलाला नाकानेच श्वास घ्यावा लागतो, नाक बंद असेल तर ते तोंड मिटणारच. पोटभर जेवण घालून लगेच नेऊ नका, ओकारी येते. उपाशीही नको. शाळेतून थकून आलेल्या मुलाची संध्याकाळ टाळा, सकाळची वेळ मागा.

मुलाला खरे सांगा: सुई नाही, दाढेवर निळी किंवा हिरवी जेली लावतील, जिभेला लागली तर आंबट लागेल, फवारा येईल, वारा येईल, निळा दिवा लावतील. 'काही करणार नाहीत, नुसते बघणार आहेत' असे सांगून नेले तर पहिल्या फवाऱ्याला तोंड मिटेल आणि पुढच्या खेपेला मूल खुर्चीवर बसणार नाही.

डेंटिस्टला विचारायचे प्रश्न मोजके आहेत. कुठले सीलंट लावणार, रेझिन की ग्लास आयोनोमर? लावताना मदतीला सहायक असेल का? चार हात असले की कोरडेपणा नीट राखता येतो आणि सीलंट जास्त टिकते. पैसे दर दाढेमागे आहेत का, आणि सहा महिन्यांत निघाले तर पुन्हा लावण्याचे वेगळे घेणार का? लहान मुलांच्या दातांचे तज्ज्ञ हे काम रोज करतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात आणि गोव्यात बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. शाळा आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासायला येते तेव्हा ते दातही पाहते. त्यांनी किडीची नोंद केली असेल तर तो कागद जपून ठेवा आणि सोबत न्या.

खुर्चीवर काय होते, आणि तुम्ही काय पाहायचे

आधी दाढ साफ करतात: कोरड्या ब्रशने, किंवा पाण्यात कालवलेल्या प्युमिसने (दगडाच्या बारीक पुडीने). इथे तेलकट पेस्ट वापरत नाहीत. खाच ड्रिलने रुंद करायची सरसकट गरज नसते. कोणी प्रत्येक दाढ कोरायला निघाले तर कारण विचारा.

मग दाढ वेगळी काढायची. खालच्या दाढेला गालाकडून आणि जिभेकडून असे दोन कॉटन रोल, वरच्या दाढेला गालाकडून एक. वरच्या दाढेसमोर गालाच्या आत लाळेच्या मोठ्या ग्रंथीचे तोंड उघडते, तिथे शोषून घेणारा तिकोनी पॅड लावतात. जिभेखाली सक्शनची नळी. दाढेभोवती रबरी पडदा, म्हणजे रबर डॅम, लावला तर सगळ्यात उत्तम, पण नुकत्या आलेल्या दाढेवर त्याची पकड बसतेच असे नाही.

आता 35 ते 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेली. कायमच्या दाढेवर 15 ते 30 सेकंद. ती फक्त खाचेत नाही, खाचेच्या दोन्ही उतारांवर दोनेक मिलिमीटर वरपर्यंत लावतात. खालच्या दाढेच्या गालाकडच्या बाजूला एक छोटा खळगा असतो आणि वरच्या दाढेच्या टाळूकडच्या बाजूला एक उभी खाच. या दोन जागा हमखास राहून जातात आणि तिथेच कीड धरते. 'त्या खळग्यालाही लावाल ना?' हे आधीच विचारून ठेवा.

जेली निदान दहा सेकंद पाण्याच्या फवाऱ्याने धुतात, पाणी सक्शनने लगेच ओढतात. ओले झालेले रोल बदलायचे असतात, आणि सगळी गडबड होते ती इथे. रोल काढला, दुसरा ठेवायच्या आत गाल किंवा जीभ दाढेला लागली, की ती सूक्ष्म छिद्रे लाळेतल्या प्रथिनांनी बुजली. एक सेकंद पुरतो. नुसते हवेने वाळवून भागत नाही. पुन्हा दहा-पंधरा सेकंद आम्ल, पुन्हा धुणे, पुन्हा वाळवणे. चांगला डेंटिस्ट इथे न कंटाळता परत सुरुवात करतो. तुम्ही जवळ उभे असाल आणि मुलाने जीभ लावलेली तुम्हाला दिसली, तर संकोच न करता सांगा.

मग हवेने वाळवणे. नीट झाले तर दाढ धुरकट, खडूसारखी पांढरी दिसते, काचेवर श्वास सोडल्यावर दिसते तशी. ही एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरे. अजून चकाकत असेल तर आम्ल पुरेसे लागलेले नाही किंवा ओल राहिली आहे. तशा दाढेवर राळ ओतणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणे. हवेच्या नळीतून तेल किंवा पाण्याचे शिंतोडे येत असले तरी काम बिघडते, म्हणून डेंटिस्ट ती आधी आरशावर मारून पाहतात. ओलीची भीती असेल तिथे राळेआधी बाँडिंगचा, म्हणजे पकड वाढवणाऱ्या द्रवाचा, पातळ हात दिला तर पकड सुधारते.

राळ खाचेच्या एका टोकाला टाकून दुसऱ्या टोकाकडे वाहू देतात, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. मधोमध थेंब टाकला तर खाली बुडबुडा अडकतो, आणि बुडबुड्याच्या जागी पुढे भोक पडते. बारीक टोकाने राळ खाचेत फिरवून दहा-पंधरा सेकंद मुरू दिली की ती छिद्रांत खोल जाते. कमी घातली तर खाच उघडी राहते. जास्त घातली तर चावा उंच होतो आणि कड तुटते.

निळा दिवा दाढेच्या जितका जवळ जाईल तितका जवळ, साधारण 20 सेकंद. दिव्याकडे बघू नका, मुलालाही नारिंगी चष्मा द्यायला सांगा. दूर धरलेला दिवा वरचा थर कडक करतो आणि खालचा कच्चा ठेवतो.

शेवटी डेंटिस्टने प्रोब कडेला लावून सीलंट ओढून पाहावे. नीट धरले नसेल तर ते आत्ताच निघालेले बरे. शेजारच्या दाढेच्या मधून फ्लॉस (दात साफ करायचा दोरा) फिरवून तिकडे राळ वाहून गेली नाही ना हे पाहावे. रंगीत कागद चावायला देऊन चावा तपासावा. सगळ्यात वर एक न घट्ट झालेला चिकट थर राहतो, तो ओल्या कापसाने पुसून मुलाला चूळ भरायला लावावी. काही सीलंटमधून बिसफेनॉल-ए या प्लास्टिकमधल्या रसायनाचा अगदी किंचित अंश लावल्यानंतर थोडा वेळ लाळेत येऊ शकतो. बरेच पालक याबद्दल विचारतात. पुसणे आणि चूळ यांनी तोही बराचसा निघून जातो, आणि त्या भीतीने दाढ उघडी ठेवण्याचे कारण नाही.

घरी आल्यावर

रेझिन दिव्याखालीच कडक झालेले असते, त्यामुळे मूल लगेच खाऊ-पिऊ शकते. ग्लास आयोनोमर असेल तर निदान तासभर काही खाऊ नये आणि त्या दिवशी त्या बाजूने कडक काही चावू नये. चावताना आधी काहीतरी मध्ये आल्यासारखे वाटेल. दोन-तीन दिवसांत ते जाते. आठवड्यानंतरही मूल एकाच बाजूने चावत असेल तर चावा घासून घ्यायला जा.

बर्फ चावणे, पेन्सिल किंवा पेनचे टोपण कुरतडणे, कडक चिक्की आणि फुटाणे दाढेखाली फोडणे, यांनी कड तुटते. तिळगूळ खाऊच नये असे नाही. दाताखाली दगडासारखे फोडू नये, एवढेच.

ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, साखरेवर लगाम, हे सगळे आधीसारखेच चालू. सीलंटने फक्त खाचा बुजल्या. दातांच्या मधल्या जागा आणि हिरडीजवळचा भाग अजून उघडाच आहे. सीलंट लावले म्हणून रात्री दूध-साखर पिऊन तसेच झोपू दिले, तर कीड त्या बाजूंनी येईल.

निघाले तर

दर सहा महिन्यांनी तपासणी ठरवून टाका, आणि पहिली तर चुकवूच नका. पहिल्या सहा महिन्यांत निघालेले सीलंट बहुतेक वेळा लावतानाच्या लाळेमुळे निघते. सीलंट वाईट होते असे समजून पुन्हा लावणे टाळू नका, आता मूल सहा महिन्यांनी मोठे आहे, दाढ आणखी वर आली आहे, या वेळी ते टिकण्याची शक्यता जास्त. वरच्या दाढेचा टाळूकडचा आणि खालच्या दाढेचा गालाकडचा भाग आधी जातो, म्हणून तिकडे मुद्दाम पाहा. नंतरच्या वर्षांत ते सावकाश झिजते. अर्धे राहिलेले सीलंट पूर्ण काढावे लागत नाही. राहिलेला भाग घट्ट असेल तर तसाच ठेवून, मोकळी जागा पुन्हा आम्लाने तयार करून तेवढेच भरतात.

अर्धे सीलंट निघाल्यावर आत अन्न अडकून दाढ जास्त किडेल, ही भीती बऱ्याच घरांत असते. पण सीलंट निघून गेलेल्या दाढेला, कधीच सीलंट न लावलेल्या दाढेपेक्षा जास्त धोका नसतो. तरी कड काळी दिसू लागली, किंवा गार-गोड झोंबू लागले, तर सहा महिन्यांची वाट पाहू नका.

घरात एका वहीत तारीख, दाढेचा आकडा आणि सीलंटचा प्रकार लिहून ठेवा. गाव बदलले, डेंटिस्ट बदलला की पांढरा ठिपका पाहून नवा डेंटिस्ट 'ही दाढ भरलेली आहे का?' असे विचारतो. तेव्हा ही नोंद उपयोगी पडते.

आणि त्याच वहीत मुलाच्या अकराव्या वाढदिवसाच्या पानावर एक ओळ टाका: सातवी मोजा. अकरा ते तेराच्या दरम्यान पहिलीच्या मागे दुसरी कायमची दाढ येते. तिचे आकडे 17, 27, 37 आणि 47. ती आणखी मागे असते आणि पूर्ण वर यायला पहिलीपेक्षाही जास्त वेळ घेते, बऱ्याचदा दोन वर्षांपर्यंत. शिवाय या वयात मूल स्वतः ब्रश करते आणि कोणाला तोंडात पाहू देत नाही. तोवर आडवा ब्रश पुन्हा सुरू करायला सांगा, आणि दर तीन महिन्यांनी टॉर्च घेऊन हिरडीची झडप मागे सरकली की नाही ते पाहा.